जमिनीखालच्या वेधशाळा पाहायला जायचंय? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर विद्यार्थ्यांसोबत आणि कधी त्यांच्या पालकांसोबत अशा काही ठिकाणी जाऊन आले. तेव्हापासून फोनवर तेच ते प्रश्न येतात. न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण पकडणाऱ्या खोल खाणी आपल्याला बघता येतात का? गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाची थरथर, टिपणाऱ्या त्या लांबच लांब नळ्या कुठे आहेत? खर्च किती, आजीला नेता येईल का? दरवेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

वेधशाळा म्हटली की डोंगराचा माथा आठवतो. ही जमिनीखाली काहून?

कारण वर फार गोंगाट आहे. कानांना ऐकू येणारा नव्हे, कणांचा. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळतात आणि त्यातून म्युऑन नावाचे कण खाली बरसतात. आत्ता हा मजकूर वाचताना तळहात आडवा धरा. दर सेकंदाला साधारण एक-दोन म्युऑन त्यातून आरपार जात आहेत. न्यूट्रिनोंची संख्या त्याहून कितीतरी जास्त, सूर्याकडून येणारेच दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे ६५ अब्ज. पण न्यूट्रिनो कशालाच अडत नाही. अख्खी पृथ्वी ओलांडून पलीकडे निघून जातो. कोट्यवधींतला एखादा कधीतरी एखाद्या अणूला धडकतो आणि तेवढीच एक खूण मागे राहते.

सीताबर्डीच्या बाजारात दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी कोणी कानात कुजबुजलं तर ऐकू येईल का? कुजबुज ऐकायची असेल तर बाजार सोडून जावं लागतं. म्युऑन खडकात हळूहळू थांबतात, न्यूट्रिनो थांबत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ डोक्यावर किलोमीटर-दोन किलोमीटर खडक घेऊन बसतात.

एवढं खोल खणायला पैसा कोण देणार? म्हणून यातल्या बहुतेक प्रयोगशाळा जुन्या किंवा चालू खाणींत आहेत. कर्नाटकातल्या कोलारची सोन्याची, जपानमधल्या कामिओकाची जस्त-शिशाची, कॅनडातल्या सडबरीची निकेलची, अमेरिकेतल्या होमस्टेकची पुन्हा सोन्याची, आपल्या जादूगुड्याची युरेनियमची. मँगनीज काढणाऱ्या मॉइलचं मुख्यालय काटोल रोडवर, कोळसा काढणाऱ्या वेकोलिचं मुख्यालय इथेच, भारतीय खाण ब्यूरोही इथेच. ज्या गावात अर्ध्या ओळखीपाळखीच्या घरांत कोणी ना कोणी खाणीत काम केलेलं असतं, त्या गावातल्या मुलांना हा विषय परका वाटायचं कारण नाही, असं मला मनापासून वाटतं.

तिथे गेल्यावर कण दिसतो का?

नाही. हे आधीच सांगते, म्हणजे मुलं हिरमुसणार नाहीत. तुम्हाला दिसतात टाक्या, नळ्या, केबल, पंप, हेल्मेट घातलेली माणसं आणि संगणकाचे पडदे. बरेचदा मुख्य उपकरण पूर्ण झाकलेलंच असतं, कारण ते उघडलं तर प्रकाश आत जाऊन सगळं बिघडेल.

मग बघायचं काय? शांतता मिळवायला माणसाने केलेली खटपट. इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत क्युओरे नावाचा प्रयोग आहे. त्याच्या भोवतीच्या कवचात दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन शिसं वापरलंय. सार्डिनियाजवळ बुडालेल्या एका जहाजात त्या लाद्या सापडल्या. नवीन शिशात एक किरणोत्सारी प्रकार थोडासा असतोच, त्याचं अर्धआयुष्य सुमारे २२ वर्षं. समुद्राच्या तळाशी वीस शतकं पडून राहिलेल्या शिशात तो जवळजवळ संपून गेलेला असतो. लाद्यांवरचे रोमन कारागिरांचे शिक्के आधी कापून जतन केले आणि उरलेलं शिसं वितळवून प्रयोगाला दिलं. ही गोष्ट मी वर्गात जितक्यांदा सांगितली, तितक्यांदा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प झाली.

नागपूरहून सगळ्यात जवळचं ठिकाण कोणतं?

औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. तिथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. ती जमिनीखाली नाही, जमिनीवरच असेल, पण प्रश्न तोच: बाहेरचा गोंगाट कसा टाळायचा. काटकोनात दोन हात, प्रत्येकी चार किलोमीटरचा. हातांच्या टोकांना आरसे, मधून लेझर. दूरवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाश किंचित ताणलं-आकसलं जातं आणि एका हाताची लांबी दुसऱ्यापेक्षा जराशी बदलते. जराशी म्हणजे किती? प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरकही अमेरिकेतल्या लायगोला मोजता येतो. १४ सप्टेंबर २०१५ ला अशी लहर पहिल्यांदा टिपली गेली, २०१६ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली आणि २०१७ मध्ये वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना नोबेल मिळालं. आपल्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा त्यात मोठा वाटा आहे.

म्हणजे आज औंढ्याला गेलो तर ते चार किलोमीटरचे हात दिसतील?

नाही. ते उभे राहून यंत्र चालू व्हायला हे दशक सरेल. प्रकल्पाची जागा पर्यटनस्थळ नाही. परवानगीशिवाय आत जायचा प्रयत्न करू नका, शाळेची सहल असेल तर आधी आयुकाच्या लोकसंपर्क विभागाला शाळेच्या पत्रावर लिहा.

तरीही मी जायला सांगते. हिंगोली अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावर आहे, तिथून औंढा रस्त्याने जवळ. गावात नागनाथाचं प्राचीन मंदिर आहे. विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवले म्हणून नामदेव रागावले, तेव्हा "जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव" असं विसोबा म्हणाले, ती कथा याच ठिकाणची सांगतात. गुरुत्वीय लहर कोणालाही वळसा घालत नाही, सगळ्यांतून जाते हे मुलांना सांगताना मला दरवेळी ती कथा आठवते. नामदेवांचं नर्सीही याच जिल्ह्यात आहे. एका मुक्कामात दोन्ही होतं.

हिंगोलीत तर भूकंपाचे धक्के बसतात. मग तिथेच का?

हा प्रश्न मला हिंगोलीच्याच एका पालकांनी विचारला होता आणि तो अगदी रास्त आहे. मार्च २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचा धक्का तिथे बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला.

रोजच्या कामात लायगोला खरा त्रास होतो तो सततच्या बारीक कंपनांचा: रेल्वे, ट्रक, कारखाने, समुद्राच्या लाटा. मोठ्या शहरांपासून आणि समुद्रापासून दूर असलेली जागा त्यासाठीच शोधतात. आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांना टांगलेले असतात, शिवाय खालचा पाया स्वतः कंपन ओळखून उलट दिशेने हलतो. जगात कुठेही मोठा भूकंप झाला की अमेरिकेतली लायगो यंत्रं काही काळ ताळ्यावर राहत नाहीत, नंतर पुन्हा लावून घेतात. जपानने तर आपलं काग्रा हे यंत्र डोंगराच्या पोटात नेलं, तीन किलोमीटरचे हात, नीलमण्याचे आरसे, तेही उणे २५० अंशांच्याही खाली थंड केलेले. तरी १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात त्याचं नुकसान झालंच. म्हणजे भूकंपाची काळजी अजिबात करायची नाही असं नाही. इमारतीचा आराखडा ती धरूनच करावा लागतो.

भारतात जमिनीखाली बघण्यासारखं काय आहे?

खाली उतरता येईल असं सामान्य माणसासाठी आज काही नाही. पण कोलारला जा. जगात वातावरणीय न्यूट्रिनो (वैश्विक किरण वातावरणावर आदळून तयार होणारे) सर्वांत आधी ज्या दोन ठिकाणी टिपले गेले, त्यांतलं एक कोलार आहे आणि दुसरं दक्षिण आफ्रिकेतली सोन्याची खाण. दोन्ही १९६५ ची गोष्ट. होमी भाभांनी तरुण शास्त्रज्ञ श्रीकंतन यांना १९५१ मध्ये कोलारच्या खाणीत वैश्विक किरण मोजायला पाठवलं. मंडळी टप्प्याटप्प्याने खाली गेली. सर्वांत खोल जागी दोन महिने यंत्र लावूनही एकही म्युऑन आला नाही. दुसऱ्या कोणी ते अपयश मानलं असतं. पण इतकी शांत जागा असेल तर न्यूट्रिनो इथेच सापडतील, हे त्यांनी ओळखलं. मग मुंबईची टाटा संशोधन संस्था, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून सुमारे २.३ किलोमीटर खोल प्रयोग मांडला. त्या खोलीवर खडक इतका तापलेला असतो की थंड हवा सोडल्याशिवाय काम होत नाही.

२००१ मध्ये खाण बंद झाली, खाली पाणी भरलं. वर उभे राहिलेत ते शाफ्टचे, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरींवरचे, लोखंडी सांगाडे आणि सोनं काढल्यावर उरलेल्या मातीच्या भुऱ्या टेकड्या, ज्यांना तिथले लोक सायनाईडच्या टेकड्या म्हणतात. नागपूरहून बेंगळुरूकडे जाणारी गाडी धरा, बंगारपेटहून पुढे छोटी गाडी जाते. मी बारा मुलींना घेऊन गेले होते. एका मुलीने विचारलं, "मॅडम, इथे पाटी का नाही?" आम्ही फिरलो त्या भागात १९६५ चा उल्लेख असलेली पाटी आम्हाला खरंच दिसली नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

जादूगुड्याला, झारखंडमध्ये, युरेनियमच्या खाणीत ५५० मीटर खोल एक प्रयोगशाळा २०१७ पासून आहे. कोलकात्याच्या साहा संस्थेचे लोक तिथे कृष्णद्रव्य शोधतात, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणातून जाणवतं ते द्रव्य. चालू खाण आहे आणि तीही युरेनियमची, त्यामुळे हौशी लोकांना प्रवेश नाही. हावडा मार्गावर टाटानगरपर्यंत सरळ गाडी आहे म्हणून पुष्कळ जण विचारतात, पण संशोधनाचं काम असल्याशिवाय जाऊ नका.

थेनीच्या न्यूट्रिनो वेधशाळेचं काय झालं?

तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात डोंगराखाली ५० हजार टन चुंबकित लोखंडाचं यंत्र बसवायचं ठरलं होतं. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची मंजुरीही मिळाली. पण गावकऱ्यांचा विरोध, पर्यावरण परवानगीचे खटले आणि पश्चिम घाटातला वाघांचा वावर यांमुळे प्रकल्प अडला. २०२२ मध्ये राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला.

न्यूट्रिनोंमुळे गावाला किरणोत्साराचा धोका आहे, ही भीती खरी नव्हती. ते सूर्याकडून तसेही येतातच. पण बोगदा खणताना होणारे स्फोट, पाणी, जंगल हे प्रश्न खरे होते. मला वाटतं, आपण विज्ञानवाल्यांनी गावात जाऊन आधी ऐकायला हवं होतं, मग बोलायला. ज्यांना त्या यंत्राची कल्पना यायला हवी आहे, त्यांच्यासाठी मदुराईला ८५ टनांचं लहान रूप उभं आहे. महाविद्यालयाच्या पत्रावर विचारून बघा. दिल्लीहून मदुराई-कन्याकुमारीकडे जाणाऱ्या गाड्या नागपूरवरूनच जातात.

परदेशात खरंच आत जाता येतं का?

काही ठिकाणी. माझं मत विचाराल तर पहिलं परदेशी ठिकाण ग्रान सासो असावं. रोमहून लाक्विला शहरापर्यंत बस आहे, प्रयोगशाळेचं बाहेरचं कार्यालय त्याजवळ असर्जी गावात. दहा किलोमीटरच्या महामार्ग बोगद्यातून गाडी जाते आणि मध्येच आडवळणाला एक प्रचंड दार लागतं. खाणीत उतरवणारा लिफ्टसारखा पिंजरा नाही, शिडी नाही. आत शंभर मीटर लांब, वीस मीटर रुंद अशी तीन दालनं, डोक्यावर १,४०० मीटर खडक. त्याने म्युऑन दहा लाखांत एकावर येतात. लोकांसाठी मार्गदर्शकासह भेटी ठेवतात, पण महिनोन् महिने आधी नोंदणी करावी लागते. आधी भेटीची तारीख लेखी मिळवा, मग विमानाचं तिकीट काढा. उलटं केलेली दोन कुटुंबं मला माहीत आहेत.

त्याच दौऱ्यात पिसाजवळच्या काशिनाला व्हर्गो बघता येतं, तीन किलोमीटरच्या हातांचं, जमिनीवरचं. पिसाचा कलता मनोरा सगळेच बघतात. त्याच्या जवळ अवकाशाची थरथर मोजणारं यंत्र आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

जपानमधलं सुपर-कामिओकांडे हे ज्याचं त्याचं स्वप्न असतं. एक किलोमीटर खोल, पन्नास हजार टन अतिशुद्ध पाणी, भिंतींवर न्यूट्रिनोच्या धडकेतून उठणारी अंधूक चमक टिपणाऱ्या अकरा हजारांहून अधिक सोनेरी प्रकाशनळ्या. १९९८ मध्ये इथे न्यूट्रिनो प्रवासात आपला प्रकार बदलतो हे दिसलं, म्हणजे त्याला वस्तुमान आहे. तिथले शास्त्रज्ञ काजिता यांना २०१५ चं नोबेल त्यासाठीच. खाणीत रोज लोकांना सोडत नाहीत. वर्षातून एकदा स्थानिक लोकांच्या पुढाकाराने भेटीचा कार्यक्रम होतो, त्यातही जागा थोड्या. पण कामिओका गावात महामार्गालगतच्या थांब्यावर २०१९ पासून छान प्रदर्शन आहे, तिकीट नाही. टोकियोहून बुलेट ट्रेनने टोयामा, पुढे बस.

सडबरीची स्नोलॅब दोन किलोमीटर खोल आहे आणि सर्वसामान्यांना साधारणपणे आत नेत नाहीत. कामगारांबरोबर पिंजऱ्यातून उतरायचं, दीडेक किलोमीटर चालायचं, मग आंघोळ करून प्रयोगशाळेचे स्वच्छ कपडे घालायचे. धुळीत किरणोत्सार असतो म्हणून. खडकाचं तापमान ४२ अंश, म्हणजे आपला मे महिना. होमस्टेकला, दक्षिण डकोटात, वर अभ्यागत केंद्र आहे. शास्त्रज्ञ रे डेव्हिस यांनी तिथे कपडे ड्रायक्लीन करण्याच्या द्रवाने टाकी भरून सूर्याचे न्यूट्रिनो मोजले आणि अपेक्षेच्या एक तृतीयांशच सापडले. तीन दशकं लोक म्हणत होते की मोजण्यात चूक आहे. चूक नव्हती, उरलेले न्यूट्रिनो वाटेत रूप बदलत होते.

दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूबबद्दलही विचारतात. घन किलोमीटरभर बर्फात ५,१६० संवेदक. तिथे सहल जात नाही.

एक एजंट सुपर-कामिओकांडेच्या टाकीत नावेतून फिरवून आणतो म्हणतो. खरं का?

खोटं. ती टाकी भरलेली आणि बंद असते. नावेत बसलेल्या माणसांचे फोटो देखभालीच्या काळातले आहेत, ती माणसं तिथले शास्त्रज्ञ-तंत्रज्ञ. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशाच आश्वासनावर आगाऊ रक्कम भरली होती. कोणत्याही प्रयोगशाळेच्या भेटीचं पत्र थेट प्रयोगशाळेकडून तुमच्या नावाने यायला हवं.

किरणोत्साराचा धोका?

वैश्विक किरणांचा विचार केला तर खाली वरच्यापेक्षा कमी. खडकातून रेडॉन वायू झिरपतो, म्हणून ताजी हवा सतत सोडतात. केळ्यातही किरणोत्सारी पोटॅशियम असतं. तेवढ्यामुळे आपण केळं सोडत नाही.

बंद जागेची भीती वाटते. आजी-आजोबांना नेता येईल?

ग्रान सासोला बहुतेकांना जमतं, कारण बोगदा रुंद आणि उजेडाचा. पिंजऱ्याने उतरायच्या खाणीला हृदयविकार, दमा, गरोदरपण असेल तर नको. भीती वाटणाऱ्यांनी एकदा आपल्याच भागात सराव करावा. सावनेरकडे वेकोलिने खाण पर्यटन सुरू केलं होतं. कार्यालयात चौकशी करून जा. अंधारात, माथ्यावरच्या दिव्याच्या उजेडात दहा मिनिटं काढली की आपल्याला झेपतं का ते कळतं. माझ्या एका विद्यार्थ्याला तिथेच कळलं की नाही झेपत. तो आता आकाशातल्या दुर्बिणींवर काम करतो आणि खूश आहे.

कपडे?

नागपूरच्या उन्हाळ्यातून थेट ग्रान सासोला गेलात तर दातावर दात वाजतील. आत सात-आठ अंश, हवा दमट. स्वेटर, बंद बूट, मोजे. ओढणी, पदर, लोंबणारे दागिने नको.

एवढा पैसा नाही. नागपुरातच काही करता येईल का?

येईल, आणि माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. रमण विज्ञान केंद्र आहेच. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते सर सी. व्ही. रमण १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्यात असताना काही काळ नागपुरातच होते, हे मुलांना जरूर सांगा. शाळेत मेघपेटी करता येते: काचेचं झाकणबंद भांडं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला फेल्ट, खाली सुका बर्फ, बाजूने टॉर्च. खोली काळोखी करा. थोड्या वेळाने धुक्यात पांढऱ्या रेघा उमटतात, काही म्युऑनच्या. सुका बर्फ उघड्या हाताने धरू नका, खिडकी उघडी ठेवा.

आणि समृद्धी महामार्गाने पुण्याकडे जाणार असाल तर नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण बघा. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. तिथल्या निरीक्षणांचा उपयोग करून भारतीय गटाने २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पुराव्यात भर घातली. एक लहर पूर्ण निघून जायला वर्षानुवर्षं लागतात अशा या लहरी, आणि मोजणी होते ती पल्सारच्या, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांवरून. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे मोठं प्रदर्शन भरतं.

मार्गदर्शकाला काय विचारावं?

"इथे काय बिघडलं होतं?" एवढंच विचारा. लोक खुलतात. ग्रान सासोत विचारलंत तर २०११ ची गोष्ट ऐकायला मिळेल: जिनिव्हाहून ७३० किलोमीटर आलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं दिसलं, जगभर खळबळ उडाली आणि शेवटी एक प्रकाशतंतूची जोडणी सैल निघाली. त्यांनी स्वतःच ती शोधली आणि जाहीर सांगितली.

कामिओकात विचारलंत तर नोव्हेंबर २००१ चा दिवस. दुरुस्तीनंतर टाकीत पाणी भरताना तळाची एक प्रकाशनळी फुटली, तिच्या धक्क्याने शेजारची, मग तिच्या शेजारची. काही क्षणांत साडेसहा हजारांहून जास्त नळ्यांचा चुरा झाला. उरलेल्या नळ्या टाकीभर विखरून लावल्या, प्रत्येकीवर पारदर्शक कवच चढवलं आणि वर्षभरात मोजणी पुन्हा सुरू केली. सगळ्या नळ्या जागेवर यायला २००६ उजाडलं. आज भिंतीवरच्या फोटोत ती कवचं नीट बघितली तर दिसतात.